मार्च २०२२ चं पान

माझ्या वहीतल्या मार्च २०२२ च्या पानावर सात तिकिटं चिकटवलेली आहेत आणि सातही कोरी आहेत. मल्टिप्लेक्सचं तिकीट थर्मल कागदावर छापतात. दोन-तीन उन्हाळे गेले की अक्षरं उडतात, आणि उन्हाळा नागपूरचा असेल तर एकही पुरतो. याच्या आधीच्या वह्यांत नव्वदच्या दशकातली टॉकीजची तिकिटं आहेत, गुलाबी, पिवळी, पतंगाच्या कागदाइतकी पातळ. त्यांच्यावरचा ‘बाल्कनी’चा शिक्का अजून वाचता येतो. म्हणून हल्ली मी तिकिटाशेजारी पेनानं लिहून ठेवतो: सिनेमा, तारीख, शो, आणि महिनाअखेरचा नंबर. मार्च २०२२ च्या पानावर एक नंबर तीनदा खोडला आहे.

वहीचे नियम कॉलेजात असताना ठरले. सिनेमा टॉकीजमध्ये पाहिलेला असला पाहिजे. तिकीट स्वतःच्या पैशाचं, पास चालत नाही. महिन्याच्या शेवटच्या रात्री बारापर्यंत क्रम लावायचा आणि तारीख उलटली की पुन्हा हात लावायचा नाही. नियम मीच केले आणि मोडणाराही मीच असू शकतो, पण अजून मोडलेले नाहीत.

या पानावरचे किस्से मात्र निम्मे माझे नाहीत. ते माझ्या एका मित्राचे आहेत. त्या वर्षी तो शहरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये ड्युटी मॅनेजर होता. त्याचे वडील जुन्या टॉकीजमध्ये ऑपरेटर. त्यामुळे त्याचं बालपण प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये, कार्बनच्या वासात गेलं. एकाच प्रिंटवर दोन टॉकीज चालायच्या, पहिलीत संपलेलं रीळ सायकलवरून दुसरीत जायचं, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलंय. एकदा सायकलवाला पोरगा रेल्वे फाटकात अडकला आणि इंटरव्हल पस्तीस मिनिटांचा झाला. पब्लिकला वाटलं, टॉकीजवाल्यांनी समोसे खपवायला केला. आता रीळ नाही, पेटी नाही. सिनेमा हार्ड डिस्कवर नाहीतर सॅटेलाइटवरून येतो आणि तो उघडायची किल्ली, म्हणजे केडीएम, मेलवर येते. ठरलेल्या वेळेआधी सर्व्हर सिनेमा उघडत नाही. ‘पहिले फाटक बंद राह्यचं, आता केडीएम नाई येत. थांबाले तर लागतेच,’ असं तो म्हणतो.

आणि एक गोष्ट नागपूरबाहेरच्या वाचकाला सांगून ठेवतो. सिनेमाच्या धंद्याच्या नकाशावर आम्ही अजून महाराष्ट्रात आलेलोच नाही. सी.पी. अँड बेरार हा प्रांत १९५० साली संपला, पण वितरणाच्या भाषेत विदर्भ आजही ‘सी.पी. बेरार’च. त्या सर्किटचे वितरक अमरावतीला आणि भुसावळला. मुंबई-पुण्याचा आकडा वेगळा, आमचा वेगळा. तेव्हा नागपुरात चित्रित झालेला सिनेमा नागपुरात किती शो खाणार, हे नागपुरात ठरत नाही.

तर मार्च २०२२.

महिना सुरू झाला तो ब्लेडपासून. करोनामुळे बंद पडलेल्या टॉकीज २२ ऑक्टोबर २०२१ ला उघडल्या होत्या, पण निम्म्याच खुर्च्यांवर माणसं बसवायची परवानगी होती. एक सोडून एका खुर्चीवर फुलीचं स्टिकर. मार्चच्या सुरुवातीला सरकारचा आदेश आला: लसीकरण चांगलं झालेल्या १४ जिल्ह्यांत ४ तारखेपासून पूर्ण क्षमतेनं टॉकीज चालवा. त्या यादीत नागपूर होतं, भंडारा, गोंदिया, वर्धा, चंद्रपूरही होते. गुरुवारी रात्री शेवटचा शो सुटल्यावर मित्र आणि त्याच्या हाताखालची चार पोरं पाचही स्क्रीनमध्ये स्टिकर काढायला बसले. चार महिन्यांत गोंद असा धरला होता, की कागद निघाला तरी चिकटा राहिला. रॉकेल लावावं तर वास, पाणी लावावं तर लगदा. शेवटी दाढीची ब्लेडं आणली. पहाटे साडेचारला काम संपलं, तरी कित्येक खुर्च्यांच्या पाठीवर फुलीचा मळकट ठसा उरलाच. दुसऱ्या दिवशी त्यातल्याच एका खुर्चीवर मी बसलो आणि शर्ट पाठीला नाही, खुर्चीला चिकटला.

सिनेमा होता ‘झुंड’.

नागपूरकराला ‘झुंड’ची गोष्ट सांगावी लागत नाही. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडा प्राध्यापक विजय बारसे यांनी भर पावसात झोपडपट्टीची पोरं एक फुटकी बादली लाथाडताना पाहिली, त्यांना फुटबॉल दिला आणि २००१ मध्ये झोपडपट्टी फुटबॉल सुरू झाला. पहिल्याच स्पर्धेला १२८ संघ आले होते, असं सांगतात. पुढे त्याचा ‘स्लम सॉकर’ झाला, इथली पोरं होमलेस वर्ल्ड कपपर्यंत खेळून आली. बारसे सर आमिर खानच्या ‘सत्यमेव जयते’तही दिसले. तरी नागपुरात त्यांना ‘बारसे सर’च म्हणत. डिसेंबर २०१८ मध्ये नागराज मंजुळे अमिताभ बच्चनला घेऊन शूटिंगला आले, तेव्हा शहराला जाग आली. त्या महिन्यात माझ्या ओळखीच्या निदान पंधरा जणांनी बच्चनला ‘अगदी एवढ्या अंतरावरून’ पाहिलं आणि प्रत्येकाचं अंतर वेगळं होतं.

शूटिंग झालं आणि सिनेमा गायब. आधी २० सप्टेंबर २०१९ ही तारीख होती. मग ८ मे २०२० ठरली, तर टाळेबंदी लागली. म्हटलं, घरीच पाहू. तर हैदराबादच्या एका चित्रपटकारानं कथेच्या हक्काचा दावा लावला, तेलंगणात स्थगिती मिळाली आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ती उठवली नाही. मग १८ जून २०२१. तीही गेली. प्रदर्शनाच्या आदल्या दोन दिवसांतही तेलंगणा उच्च न्यायालयात पुन्हा अर्ज होता. तो फेटाळताना न्यायालयानं अर्जदाराला दहा लाखांचा दंड लावला. मित्र सांगतो, त्या गुरुवारी त्याच्या दोन काळज्या होत्या: खुर्च्यांचा गोंद आणि ‘झुंड’ची केडीएम.

मी जो शो पाहिला, त्यात माझ्या मागं एक काका होते. सत्तरीचे असतील, नातवाला घेऊन आलेले. पडद्यावर गल्ली आली की ते ठिकाण ओळखायचे आणि अर्ध्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात नातवाला सांगायचे. एकदा चुकले, तर पुढच्या रांगेतून कोणी तरी सुधारलं: ‘नाई काका, ते तिकडचं होय, लायनीपलीकडचं.’ मग तिसऱ्यानं तिसरं नाव घेतलं. पडद्यावर पोरं चालत्या मालगाडीतून कोळसा पाडताहेत आणि खाली रेल्वेलाइन कोणती यावर वाद चाललाय. एरवी मी अशा बडबडीवर चिडतो. त्या दिवशी मीच एक नाव सुचवलं.

आजवर हिंदी सिनेमात नागपूर म्हणजे गाडी बदलायचं स्टेशन, नाहीतर संत्र्याचा विनोद. इथं नागपूर बोलत होतं. मंजुळे सोलापूर जिल्ह्यातले, पण पोरं त्यांनी इथलीच घेतली, कॅमेऱ्यासमोर कधी न गेलेली. त्यामुळे हिंदीत येणारा तो ‘बे’ मुंबईच्या टपोऱ्याचा नव्हता, आमचाच होता. जयंतीचा प्रसंग आला. बाबासाहेबांच्या तसबिरीसमोर बच्चन हात जोडून उभा राहतो. एवढंच. संवाद नाही. १९५६ ची दीक्षाभूमी ज्या शहरात आहे, तिथल्या हॉलमध्ये त्या क्षणी आधी काहीच आवाज झाला नाही. मग शिट्ट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. माझ्या शेजारी एक पोरगी मोबाइल काढून पडद्याचा फोटो घ्यायला गेली आणि तिच्या आईनं तिचा हात खाली केला. मला वाटलं, नियम सांगतेय. ती म्हणाली, ‘डोयानं पाय ना.’

सुटल्यावर मित्र दारात उभा होता. किती नंबर, विचारलं. मी म्हटलं, एक. तो म्हणाला, ‘आज चारच तारीख होय, राजा.’

त्याच रात्री ‘द बॅटमॅन’ पाहिला. ‘झुंड’ १७८ मिनिटांचा, हा १७६. एका दिवसात सहा तासांना सहाच मिनिटं कमी, आणि पाठीला गोंद. त्यात पेंग्विनचं काम करणारा जाड, खड्डे पडलेल्या तोंडाचा माणूस मला कोणी तरी नवा, पण तगडा नट वाटला होता. नामावलीत कॉलिन फॅरेलचं नाव आलं तेव्हा मी मित्राला म्हटलं, हा कुठं होता? तो मेकअप इतका पक्का होता, की फॅरेल म्हणे चाचणी म्हणून तसाच एका कॉफीच्या दुकानात जाऊन कॉफी घेऊन आला होता. मॅट रीव्हजचा हा बॅटमॅन पावसात भिजलेला, चिडका, गुप्तहेरीत रमणारा. मला आवडला. महिनाअखेरीस तिसरा नंबर. त्याच दिवशी लागलेला ‘तुलसीदास ज्युनियर’ मी सोमवारी पाहिला. स्नूकर खेळणाऱ्या पोराची साधी गोष्ट, आशुतोष गोवारीकरांची निर्मिती. राजीव कपूर त्यात बापाच्या भूमिकेत आहे. वर्षभर आधी, फेब्रुवारी २०२१ मध्ये तो गेला होता. हॉलमध्ये आम्ही सात जण होतो. इंटरव्हलला पॉपकॉर्नवाल्यानं सातही जणांना विचारलं, घेता का, आणि कोणीच नाही म्हणू शकलं नाही. पाचवा नंबर. बुधवारी त्याचा शो निघाला होता.

११ मार्चच्या शुक्रवारी गंमत झाली. ‘राधे श्याम’ लागला: प्रभास, हस्तरेषा, सत्तरच्या दशकातला युरोप. टाळेबंदीमुळे त्यातला बराचसा इटली हैदराबादच्या सेटवर उभारलेला. हिंदी आवृत्तीचं निवेदन कोणाचं, तर अमिताभ बच्चनचं. एका स्क्रीनवर बच्चन झोपडपट्टीतल्या पोरांना खेळवतोय, शेजारच्या स्क्रीनवर बच्चनचाच आवाज त्याचं गिऱ्हाईक ओढतोय. तेलुगू आवृत्तीचं निवेदन होतं एस. एस. राजामौली यांचं, ज्यांचा स्वतःचा सिनेमा दोन आठवड्यांनी येणार होता. म्हणजे हात दाखवायला सगळे एकाच ज्योतिषाकडे. मी सिनेमात झोपलो. किती वेळ, ते सांगता येत नाही, कारण जागा झालो तेव्हाही प्रभास तोच कोट घालून होता. सातवा नंबर.

आणि त्याच शुक्रवारी ‘द काश्मीर फाइल्स’. सुरुवात देशभरात सहाशे-साडेसहाशे स्क्रीनवर, आमच्याकडे मोजके शो. व्यापाराच्या आकड्यांत पहिल्या दिवशी ३.५५ कोटी आणि रविवारी १५ कोटींच्या वर. असा चढ मित्रानं कधी पाहिला नव्हता. रविवारी रात्री तो शो बदलायला बसला ते मी शेजारी बसून पाहिलं. वाटतं तितकं सोपं नसतं ते. प्रत्येक स्क्रीनचा दिवस मिनिटांत कापायचा: सिनेमा, इंटरव्हल, मधली वीस मिनिटं झाडलोट, जाहिराती. ‘काश्मीर फाइल्स’ १७० मिनिटं, ‘झुंड’ १७८, ‘बॅटमॅन’ १७६. तिन्ही तीन तासांच्या म्हशी, एका गोठ्यात बांधायच्या. दीड-पावणेदोन तासांचा सिनेमा असता, तर कुठे तरी कोपऱ्यात बसला असता. वरून फोन येत होते, अमरावतीहून एक, मुंबईहून दोन. संध्याकाळी सहा आणि रात्री नऊची वेळ ज्याला मिळाली, तो जिंकला. ‘झुंड’चे शो दुपारच्या उन्हात सरकले. ‘ज्याहीच्यासाठी पिक्चर बनवला ते दुपारी कामावर राह्यते,’ मित्र पडद्याकडे न पाहता म्हणाला आणि एंटर दाबला.

त्या आठवड्यात टॅक्स-फ्रीचा विषय निघाला. मध्य प्रदेशनं, गुजरातनं ‘काश्मीर फाइल्स’ करमुक्त केला, महाराष्ट्रानं केला नाही. आमच्या इथून सीमा दीड-दोन तासांवर, म्हणून गप्पा अशा, की जाऊ या सिवनीला, पाहून येऊ स्वस्तात. मित्रानं कॅल्क्युलेटर काढला. शंभरच्या वरच्या तिकिटाला १८ टक्के जीएसटी, त्यातला निम्माच राज्याचा. दोनशेच्या तिकिटावर वाचणार १८ रुपये. पेट्रोल तेव्हा शंभरी पार. विषय संपला. ‘झुंड’च्या निर्मात्या सविता राज हिरेमठ यांनी मात्र जाहीर विचारलं होतं, की आमचा सिनेमाही महत्त्वाचा आहे, लोकांना आवडलाय, मग तो का नाही करमुक्त? त्यावर काय उत्तर आलं ते मला आठवत नाही, बहुधा आलंच नसावं.

क्रम लावताना सर्वांत जड गेला तो ‘काश्मीर फाइल्स’. माझ्या शोला लोक सिनेमा संपल्यावर उभे राहिले, घोषणा झाल्या, एक बाई रडत बसून राहिल्या. आम्ही निघालो तरी त्या बसलेल्याच होत्या. काश्मिरी पंडितांवर गुदरलेलं खरंच भयंकर आहे आणि ते पडद्यावर इतकं उघड कोणी आणलं नव्हतं. पल्लवी जोशी बोलायला लागली की नजर हलत नाही. पण विद्यापीठातली भाषणं लांबतात, माणसं मुद्द्यापुरती उरतात. हे मी पार्किंगमध्ये दोघांना सांगून पाहिलं. एकानं मला एका बाजूला ढकललं, दुसऱ्यानं दुसऱ्या. तीस वर्षं यादी लावतोय, सिनेमा कसा होता या प्रश्नाला ‘तू कोणाचा’ असं उत्तर पहिल्यांदा मिळालं. चौथा नंबर लिहिला आणि वही घरातच ठेवली, चार-सहा दिवस कोणाला दाखवली नाही.

धुळवड १८ ला होती. त्या दिवशी ‘बच्चन पांडे’. तमिळ ‘जिगरठंडा’वरून बेतलेला आणि त्या ‘जिगरठंडा’ला स्फूर्ती कोरियन सिनेमाची, म्हणजे रंग तिसऱ्या हातातून आपल्या तोंडाला. खरं तर हा २०२० च्या नाताळात येणार होता. आमिरनं ‘लालसिंग चढ्ढा’साठी ती तारीख मागितली, अक्षयनं दिली आणि मग करोनानं दोघांचीही तारीख घेतली. अक्षय कुमारचे चाहते कानात, केसांत रंग घेऊन आले. पांढऱ्या कव्हरच्या रिक्लायनरवर हिरव्या रंगाचा आख्खा माणूस उमटला होता, डोकं, खांदे, कंबर, सगळं. मित्रानं त्याचा फोटो काढून ठेवलाय. त्या दिवशी ‘बच्चन पांडे’नं देशात १३ कोटी आणि आठवडाभर जुन्या ‘काश्मीर फाइल्स’नं १९ कोटी केले. पुढे भोपाळच्या एका कार्यक्रमात अक्षय स्वतःच हसत म्हणाला, की त्या सिनेमानं माझाही बुडवला. हे बोलायला मोठेपणा लागतो. त्यासाठी मी त्याला सातव्यावरून सहाव्यावर चढवलं. माझ्या यादीत असले गुण चालतात.

२५ मार्चला ‘आरआरआर’.

‘झुंड’च्या तारखांचं दुःख ज्यांना वाटतं त्यांनी याच्या मोजाव्यात: ३० जुलै २०२०, ८ जानेवारी २०२१, १३ ऑक्टोबर २०२१, ७ जानेवारी २०२२, आणि मग हा शुक्रवार. सकाळच्या शोला नागपुरातले तेलुगू लोक कागदाचे तुकडे पिशव्या भरून घेऊन आले होते. पहिल्या वीस मिनिटांत हॉलचा उकिरडा झाला. मित्र दारात कपाळाला हात लावून उभा, आणि पुढच्या क्षणी तोही आत येऊन पायरीवर बसला. ड्युटीवर असताना. वाघ आला होता.

त्या वाघाबद्दल बोललं पाहिजे. ताडोबा-पेंच करून आलेल्या नागपूरकराला पडद्यावरचा वाघ दाखवणं म्हणजे पुणेकराला बाकरवडी शिकवणं. पडद्यावरच्या त्या वाघाच्या उडीला मागून आवाज आला, ‘असा नाई मारत बे!’ पण त्यालाच पुढच्या सेकंदाला श्वास घेता येईना. तो प्रसंग म्हणे बल्गेरियाच्या जंगलात चित्रित केला. म्हणजे आमच्या शेजारचं आदिलाबाद त्यांनी युरोपात शोधलं.

आणि ते खरंच शेजारचं आहे, हे पब्लिकला माहीत नव्हतं. ज्युनियर एनटीआरचा भीम म्हणजे कोमाराम भीम, आदिलाबादच्या गोंडांचा नेता, १९४० मध्ये निजामाच्या पोलिसांशी लढताना पडलेला. सिनेमात तो दिल्लीला जातो, अल्लुरी सीताराम राजूशी त्याची दोस्ती होते. प्रत्यक्षात दोघं भेटल्याची नोंद नाही. दोघांच्याही आयुष्यातली काही वर्षं ते घरापासून लांब होते, त्या रिकाम्या जागेत राजामौलींनी सिनेमा बसवला. पण खरा भीम पळाला तेव्हा दिल्लीला नाही, चांद्याला आला होता. आपल्या चंद्रपूरला. एका छापखानेवाल्याच्या आश्रयाला राहिला, लिहा-वाचायला शिकला, मग आसामच्या चहामळ्यांत गेला, असं त्याचं चरित्र सांगतं. नागपूर तर वसवलंच गोंड राजानं, बख्त बुलंद शाहनं, १७०२ मध्ये. मी इंटरव्हलला हे मित्राला सांगायला गेलो. तो म्हणाला, ‘आता नको, ‘नाटू नाटू’ डोक्यात बसलंय.’

‘नाटू नाटू’ कीवच्या राजवाड्यासमोर ऑगस्ट २०२१ मध्ये चित्रित झालं होतं आणि आम्ही ते पाहत होतो तेव्हा कीववर महिनाभर बॉम्ब पडत होते. त्या हिरवळीकडे पाहताना हे मनातून जात नव्हतं. त्या पायाच्या स्टेपचे अठरा टेक झाले, दोघांचे पाय एका रेषेत येईपर्यंत दिग्दर्शकानं सोडलं नाही आणि शेवटी दुसरा टेक घेतला, असं एनटीआरनं नंतर मुलाखतीत सांगितलं. आमच्या इथं तर इंटरव्हलला बाथरूमच्या ओल्या फरशीवर दोन पोरांनी ती पहिल्याच टेकमध्ये केली. एक पडला.

आता ३१ मार्चची रात्र. जेवण झालं, वही काढली. तीन ते सात नंबर पक्के. भांडण वरच्या दोघांत. ‘झुंड’पुढं १ लिहिलेला होताच, तो खोडला आणि २ केला, कारण मला माझाच संशय आला. आपलं गाव दिसलं म्हणून नंबर देतोय का? तो सिनेमा सोलापूरचा किंवा सांगलीचा असता, तर? दुसरा अर्धा भाग लांबतो, सामना जरा जास्तच फिल्मी होतो, हे मलाही दिसलं होतं. ‘आरआरआर’नं तर तीन तासांत घड्याळ पाहू दिलं नाही.

मग पासपोर्टचा भाग आठवला. रिंकू राजगुरूची मोनिका आदिवासी आहे. परदेशात खेळायला जायचं तर पासपोर्ट हवा, पासपोर्टला कागद हवा, आणि तिचा बाप तिला घेऊन एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात फिरतो, आम्ही आहोत एवढं सिद्ध करायला. एकाच महिन्यात दोन आदिवासी पडद्यावर आले. एक भाल्यानं साम्राज्य हलवतो, त्याला पुढे हजार-बाराशे कोटी मिळाले. दुसरा दाखल्यासाठी बाकावर बसतो. चंद्रपूर-गडचिरोलीच्या तहसिलीत तुम्हाला यातला कोणता भेटेल? मी २ खोडला, १ केला.

पावणेबाराला मित्राचा फोन. ड्युटी संपवून निघाला होता. सरकारनं करोनाचे सगळेच निर्बंध उठवले, मास्कही मर्जीचा, असं सांगत होता. मग म्हणाला, ‘झुंड’चा शेवटचा शो आज उतरला. मी विचारलं, तुझा एक नंबर कोणता? तो हसला. ‘मी पायरीवर कायच्यात बसलो होतो, तू पाहिलं न?’ खरं होतं. ‘झुंड’मध्ये मी ठिकाणं ओळखत होतो, शहाण्यासारखा बसून होतो. ‘आरआरआर’मध्ये मी शेजारच्या अनोळखी माणसाचा हात धरला होता. टॉकीजची यादी आहे ना ही? घड्याळात पाच मिनिटं बाकी असताना मी तिसऱ्यांदा खोडलं. १ ‘आरआरआर’, २ ‘झुंड’. कागद तिथं इतका पातळ झालाय की मागच्या पानावरचा फेब्रुवारी दिसतो.

वर्षभरानं ‘नाटू नाटू’ला ऑस्कर मिळालं, तेव्हा मी वही उघडून मित्राला फोटो पाठवला. त्यानं अंगठा पाठवला. दीड महिना गेला. एप्रिल २०२३ च्या अखेरीस, रात्री उशिरा, त्याचा फोन आला. फिल्मफेअर चालू होतं. पदार्पणाचा पुरस्कार ‘झुंड’च्या अंकुश गेडामला, आमच्या गावच्या पोराला. मागं त्याच्या घरात टीव्हीचा आवाज येत होता, टाळ्यांचा.

‘दोन नंबर, नाई का?’ तो म्हणाला.

‘नियम आहे बाबा. तारीख उलटली की बदल नाही.’

‘कोनं केला नियम?’

‘मीच.’

‘मंग ठेव तसाच,’ तो म्हणाला. ‘आणि आयक, ते खुर्चीचं गोंद अजून निघालं नाई.’